माउथ ऑर्गनचा जादूगार : डीफर्ड बेली

कीर्ती ही मोठी लहरी वस्तू आहे. कोणास ती मरणानंतर प्राप्त होते, तर कोणास हयातीत लाभून त्याच्या डोळ्यांदेखत सोडून जाते. ज्या गृहस्थांचे चरित्र आम्ही आज वाचकांस सादर करीत आहोत, त्यांच्या वाट्यास हे दोन्ही अनुभव आले. अमेरिकेतील ग्रामीण संगीताचे जे सर्वांत प्रसिद्ध पीठ, त्याच्या नामकरणाच्या रात्री ह्यांच्या वाद्याचे सूर निनादले. आणि त्याच पीठावरून पुढे चौदा वर्षांच्या आत ह्यांस खाली उतरविण्यात आले. असे असता ज्या धीराने व स्वाभिमानाने त्यांनी पुढील चाळीस वर्षे काढली, तो त्यांच्या संगीताइतकाच मनन करण्याजोगा आहे. त्यांचे नाव डीफर्ड बेली.

चरित्रास आरंभ करण्यापूर्वी ह्या संगीताविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागातील डोंगराळ मुलखात व शेतवाडीत जे गाणेबजावणे पिढ्यान् पिढ्या चालत आले, त्यास 'कंट्री' संगीत असे म्हणतात. स्कॉटलंड, आयर्लंड व इंग्लंड येथून आलेल्या वसाहतवाल्यांनी आपल्याबरोबर फिडल आणि जुनी कथागीते आणली. आफ्रिकेतून गुलाम म्हणून धरून आणलेल्या लोकांनी बॅन्जो व आपली लय आणली. ह्या दोन प्रवाहांचा संगम होऊन हे संगीत सिद्ध झाले. पुढे मात्र हे संगीत केवळ गोऱ्या लोकांचेच, असा समज रूढ झाला. तो किती अपुरा आहे, हे बेली यांच्या चरित्रावरून स्पष्ट दिसून येते.

डीफर्डचा जन्म टेनेसी संस्थानातील स्मिथ परगण्यात, बेलवुड गावाजवळ, १४ डिसेंबर १८९९ रोजी एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. घरची स्थिती गरिबीची. परंतु संगीताची संपत्ती घरात भरपूर होती. आजोबा लुईस बेली हे फिडल वाजविण्यात त्या टापूत नावाजलेले होते, आणि घरातील बहुतेक मंडळी कोणते ना कोणते वाद्य वाजवीत. डीफर्ड सुमारे एक वर्षाचा असतानाच त्याची आई निवर्तली. आत्या बार्बारा लू व तिचे यजमान क्लार्क ओडम यांनी त्या पोरक्या बालकाचा पोटच्या मुलाप्रमाणे सांभाळ केला.

दैवाचा दुसरा आघात लवकरच झाला. तीन वर्षांचा असताना त्यास पोलिओने गाठले. त्या रोगावर तेव्हा औषधही नव्हते व प्रतिबंधक लसही नव्हती. लस निघाली ती १९५५ साली. सुमारे वर्षभर तो बालक अंथरुणास खिळून राहिला. मान व हात एवढेच काय ते हलविता येत. इतर मुलांच्या हाती खुळखुळा द्यावा त्याप्रमाणे त्याच्या हाती माउथ ऑर्गन पडला होता. तो आणि मॅन्डोलिन हेच त्या रोगशय्येवरील त्याचे सोबती झाले. अंगणात खेळणाऱ्या मुलांकडे पाहत झुरण्याऐवजी त्याने आपले कान जागे ठेवले. कोंबड्यांचा कलकलाट, कुत्र्यांचे भुंकणे, खिडकीबाहेरील वारा, रात्री रानात कोल्ह्याच्या मागे लागलेल्या शिकारी कुत्र्यांचा दुरून येणारा गलका, हे सारे तो ऐके आणि त्या पत्र्याच्या चिमुकल्या वाद्यातून तसेच्या तसे काढण्याचा यत्न करी. ज्या वर्षात इतर मुले धावावयास शिकतात, त्या वर्षात हे मूल ऐकावयास शिकले.

प्राण वाचला, परंतु शरीराची वाढ खुंटली व पाठीस थोडा बाक आला. पूर्ण वयात आल्यावरही त्यांची उंची ४ फूट १० इंचच होती आणि वजन १०० पौंडांच्या आतच राहिले. शेतकामास असे शरीर फारसे उपयोगी नव्हते. तथापि श्वास बळकट होता आणि कान तीक्ष्ण होते. शाळेच्या वाटेवर आगगाडीचा एक पूल लागे. गाडी येण्याच्या वेळी तो पुलाखाली थांबे, डोळ्यांवर हात धरी आणि डोक्यावरून धडधडत जाणाऱ्या गाडीचा प्रत्येक नाद मनात साठवून घेई. मग उरलेल्या वाटेने ती गाडी माउथ ऑर्गनमधून वाजवीत चाले. ही गोष्ट लहान दिसते. परंतु पुढे लक्षावधी लोकांनी ज्या चिजेसाठी रेडिओस कान लावले, तिचा अभ्यास त्या पुलाखालीच सुरू झाला होता.

येथे ह्या वाद्याची थोडी माहिती देणे योग्य होईल. साधा माउथ ऑर्गन तळहातात मावतो व त्यास दहा छिद्रे असतात. आत पितळेच्या पातळ पट्ट्या बसविलेल्या असून एकाच छिद्रात फुंकर घातली असता एक स्वर निघतो आणि श्वास आत ओढला असता दुसरा. म्हणजे वादकाचा श्वास हाच ह्या वाद्याचा भाता. जिभेने काही छिद्रे झाकणे, ओठ आवळून स्वर किंचित खाली ओढणे, हातांची ओंजळ उघडमीट करून आवाज दूर वा जवळ भासविणे, ह्या युक्तींनी निपुण वादक त्यातून विलक्षण परिणाम साधतो. बेली यांच्या आगगाडीत चाकांचा ठेका श्वासाने चाले आणि त्याच वेळी शिटीही ऐकू येई. गाडी दुरून येते आहे, जवळून धडाडत गेली आहे, आणि वळणाआड नाहीशी होत आहे, असे ऐकणारास साक्षात् भासे. हे सर्व एकाच मनुष्याच्या एकाच श्वासाचे काम आहे, ह्यावर विश्वास बसणे कठीण जाई.

१९१८ च्या सुमारास ओडम कुटुंब नॅशव्हिल शहरात राहावयास आले. डीफर्ड यांनी तेथे घरकाम, लिफ्ट चालविणे अशी मिळतील ती कामे केली. परंतु माउथ ऑर्गन सदैव खिशात असे. १९२५ साली त्या शहरात रेडिओचे युग सुरू झाले. प्रथम एका रेडिओच्या दुकानदाराने डब्ल्यू. डी. ए. डी. नावाचे छोटे केंद्र काढले व त्यावर बेली यांचे वादन झाले. त्याच वर्षी ५ ऑक्टोबर रोजी नॅशनल लाइफ ह्या विमा कंपनीने डब्ल्यू. एस. एम. हे मोठे केंद्र उघडले आणि २८ नोव्हेंबरपासून तेथे शनिवारी रात्री ग्रामीण गाण्याबजावण्याचा कार्यक्रम होऊ लागला. त्याचे सूत्रधार होते जॉर्ज हेय. त्या मंडळींत हंफ्री बेट नावाचे एक डॉक्टर होते. ते स्वतः माउथ ऑर्गन उत्तम वाजवीत. गुणी मनुष्यास दुसऱ्याचा गुण पाहून मत्सर न वाटता आनंद वाटावा, हे थोर मनाचे लक्षण होय. डॉक्टर बेट यांनी संकोचणाऱ्या बेली यांस आग्रहाने आपल्याबरोबर केंद्रावर नेले आणि परीक्षा न घेता त्यांस वाजवू द्यावे, अशी रदबदली केली. वादन संपताच हेय इतके हर्षभरित झाले की, बेली यांस त्या मंडळींत कायमचे स्थान मिळाले. पुढे 'माउथ ऑर्गनचा जादूगार' ह्या बिरुदाने ते सर्वत्र ओळखले जाऊ लागले.

ज्या रात्रीचा आरंभी उल्लेख केला, ती रात्र १० डिसेंबर १९२७ ची. त्या काळी डब्ल्यू. एस. एम. वर ग्रामीण कार्यक्रमाच्या अगोदर न्यूयॉर्कहून वॉल्टर डॅमरॉश यांचा अभिजात संगीताचा कार्यक्रम ऐकविला जाई. त्या रात्री डॅमरॉश यांनी अभिजात संगीतात हुबेहूब नक्कलेस स्थान नसते असे सांगून, अपवाद म्हणून आगगाडीचे चित्र रेखाटणारी एक छोटी रचना आपल्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतली. तो कार्यक्रम संपताच हेय यांनी श्रोत्यांस विनोदाने बजाविले की, आता पुढील तीन तास हुबेहूबपणावाचून दुसरे काहीच ऐकावयास मिळणार नाही. आणि त्यांनी बेली यांस पुढे केले. बेली यांनी 'पॅन अमेरिकन ब्लूज' ही आपली चीज वाजविली. सिनसिनाटीहून न्यू ऑर्लिन्सला जाणाऱ्या पॅन अमेरिकन नावाच्या वेगवान गाडीचे ते नादचित्र होते. एकीकडे न्यूयॉर्कचा भरगच्च वाद्यवृंद, आणि दुसरीकडे मूठभर आकाराचे एक वाद्य! वादन संपल्यावर हेय यांनी 'ग्रँड ऑपेरा' ह्या भारदस्त शब्दांचा खेडवळ उच्चार करून आपल्या कार्यक्रमास 'ग्रँड ओल ऑप्री' असे नाव दिले. तेच नाव रूढ झाले आणि त्याच नावाने तो कार्यक्रम आजतागायत चालू आहे.

त्यानंतरची काही वर्षे ही बेली यांच्या वैभवाची वर्षे होत. १९२८ साली झालेल्या ५२ शनिवारांच्या कार्यक्रमांपैकी ४९ कार्यक्रमांत त्यांचे वादन झाले. इतक्या वेळा दुसऱ्या कोणाचेही झाले नाही. १९२७ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्क येथे ब्रन्स्विक कंपनीने त्यांच्या तबकड्या घेतल्या. १९२८ च्या ऑक्टोबरमध्ये व्हिक्टर कंपनीने नॅशव्हिल शहरात ध्वनिमुद्रण केले, तेव्हा त्यांच्या आठ चिजा मुद्रित झाल्या, पैकी तीनच प्रसिद्ध झाल्या. जे शहर पुढे ध्वनिमुद्रणाचे माहेरघर म्हणून जगप्रसिद्ध झाले, तेथील ते पहिलेच ध्वनिमुद्रण होते. १९३२ साली केंद्राची शक्ती ५०,००० वॉट झाली आणि रात्रीच्या वेळी बेली यांची आगगाडी अनेक संस्थानांतील शेतकऱ्यांच्या घरांत धडधडू लागली.

परंतु रेडिओस डोळे नसतात. ऐकणाऱ्या पुष्कळ जणांस हा वादक कृष्णवर्णीय आहे, हे ठाऊकच नव्हते. दक्षिणेकडील संस्थानांत त्या काळी गोरे व काळे यांस वेगळे ठेवणारे कायदे जारी होते. मंडळी गावोगाव दौऱ्यावर निघत, तेव्हा जाहिरातीत बेली यांचे नाव ठळक असे, कारण त्या नावाने गर्दी जमे. रॉय अकफ हे पुढे ह्या संगीताचे सम्राट म्हणून गाजले. परंतु १९३८ साली ते ऑप्रीत नव्याने आले, तेव्हा बेली यांच्या नावावरच लोक येत, असे त्यांनी स्वतः मान्य केले आहे. प्रयोगाच्या वेळी रंगमंचावर टाळ्यांचा कडकडाट होई. पण प्रयोग संपला की, ज्या हॉटेलात इतर मंडळी उतरत तेथे बेली यांस खोली मिळत नसे, व ज्या खाणावळीत ती जेवत तेथे त्यांस पान मांडले जात नसे. त्यांचे अन्न कोणीतरी बाहेर आणून देई. मेकन नावाचे वयोवृद्ध बॅन्जोवादक कधी कधी बेली हे आपले चाकर आहेत असे हॉटेलवाल्यास सांगून त्यांस आपल्या खोलीत घेत. म्हणजे मेकन यांची माया खरी होती. परंतु आसऱ्यासाठी ह्या कलावंतास चाकराचे सोंग घ्यावे लागे. मोबदलाही इतरांहून कमी, दौऱ्यात ठराविक पाच डॉलरांचा असे. बेली यांनी ह्याबद्दल रंगमंचावर कधी चेहरा पाडला नाही. नेटका पोशाख, चकचकीत बूट आणि मर्यादशील वागणूक ही त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाहीत.

१९४१ साली वादळ उठले. त्याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. रेडिओवर जी गाणी वाजविली जात, त्यांबद्दल गीतकार-संगीतकारांच्या वतीने 'ॲस्कॅप' नावाची संस्था केंद्रांकडून शुल्क घेत असे. तिने दर वाढविण्याचे ठरविताच रेडिओच्या मालकांनी 'बी. एम. आय.' ही प्रतिस्पर्धी संस्था काढली आणि १ जानेवारी १९४१ पासून ॲस्कॅपची गाणी वाजविणे बंद केले. बेली यांच्या गाजलेल्या चिजा ॲस्कॅपच्या यादीत होत्या. ज्या चिजांसाठी श्रोते पत्रे पाठवीत, त्याच एकाएकी वर्ज्य ठरल्या, आणि नवीन चिजा वाजवा, असे त्यांस फर्माविण्यात आले. लोकांस जे आवडते तेच वाजवीत जा, असे ज्या मंडळींनी त्यांस वर्षानुवर्षे सांगितले होते, त्यांचीच ही नवी आज्ञा होती. त्या वर्षीच्या मे महिन्यात बेली यांस कामावरून दूर करण्यात आले. पंधरा वर्षांच्या सेवेची ही सांगता!

एवढ्यावरच भागले असते तर ते व्यापारी भांडणात सापडलेल्या एका कलावंताचे दुर्दैव, असे म्हणून आपण स्वस्थ बसलो असतो. परंतु ॲस्कॅपचा तंटा त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये मिटला, जुनी गाणी पुन्हा वाजू लागली, आणि तरीही बेली यांस कोणी परत बोलाविले नाही. १९४५ साली हेय यांनी ऑप्रीचा इतिहास लिहिला. त्यात बेली हे आळशी होते, थोड्याच चिजांपलीकडे त्यांनी काही शिकून घेतले नाही, असा ठपका ठेवला, आणि तो ठेवताना त्यांच्या वर्णाचाही निर्देश केला. ज्या मनुष्याने वर्षातील ५२ शनिवारांपैकी ४९ शनिवारी हजेरी दिली, तो आळशी कसा, हा प्रश्न त्या वेळी फारशा कोणी विचारला नाही. छापलेले वाक्य लोक खरे मानतात. पुष्कळ वर्षे बेली यांच्याविषयी हेच एक वाक्य पुस्तकांतून फिरत राहिले.

आता बेली यांनी काय केले ते पाहा. नॅशव्हिलच्या एजहिल भागात बूट पॉलिश करण्याचे दुकान त्यांनी पूर्वीपासूनच चालविले होते. त्यातच त्यांनी सर्व लक्ष घातले. सुमारे तीस वर्षे ते दुकान चालले. गिऱ्हाईक गोरे असो वा काळे, श्रीमंत असो वा गरीब, त्याचे बूट आरशासारखे लखलखल्याशिवाय ते हातावेगळे करीत नसत. आळशीपणाच्या आरोपास ह्याहून स्पष्ट उत्तर कोणते? जगापुढे वाजविणे त्यांनी बहुतेक सोडून दिले. पण वाजविणे सोडले नाही. घरी व दुकानात स्वतःच्या समाधानासाठी, शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी ते वाजवीत. बॅन्जो व गिटार ही वाद्येही ते डाव्या हाताने, उलटी धरून उत्तम वाजवीत. नगरसुधारणेच्या कामात पुढे ते दुकानही पाडले गेले, आणि ते त्याच भागातील वृद्धांसाठी बांधलेल्या सरकारी इमारतीत राहावयास गेले.

तेथेच १९७३ साली डेव्हिड मॉर्टन नावाच्या तरुणाची व त्यांची गाठ पडली. मॉर्टन हे शहराच्या गृहनिर्माण खात्यात नोकरीस होते. इमारतीतील ह्या वृद्ध रहिवाशाची ओळख पटताच त्यांनी हळूहळू त्यांचा विश्वास संपादन केला आणि त्यांच्या आठवणी टिपून घेण्यास आरंभ केला. बेली सहजासहजी कोणाच्या बोलण्यास भुलणारे नव्हते. आपल्या कलेचे मोल अल्प ठरविणारांचा अनुभव त्यांनी घेतला होता. एका चित्रपटात काम करण्याबद्दल देऊ केलेले अडीच हजार डॉलरही त्यांनी नाकारले. धनाची त्यांस गरज होती. परंतु गरजेपेक्षा मान मोठा, हा त्यांचा बाणा होता.

तथापि मॉर्टन यांच्या आग्रहाने १९७४ च्या फेब्रुवारीत ते जुन्या कलावंतांच्या संमेलनासाठी ऑप्रीच्या रंगमंचावर आले. त्याच वर्षी १४ डिसेंबर रोजी, आपल्या पंचाहत्तराव्या वाढदिवशी, त्यांनी ऑप्रीच्या नव्या प्रेक्षागृहात पुन्हा वादन केले. तेहेतीस वर्षांनंतर त्याच मंडळींपुढे ते उभे होते. श्वास पूर्वीसारखाच भरदार होता आणि तीच गाडी त्याच वेगाने धावत होती. दक्षिणेतील हॉटेलांची व खाणावळींची दारे १९६४ च्या कायद्याने सर्वांस मोकळी झाली होती. आता हे एक दारही उघडले. त्यांचे ऑप्रीतील शेवटचे वादन १९८२ च्या एप्रिलमध्ये झाले. २ जुलै १९८२ रोजी नॅशव्हिल येथे वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी त्यांचे देहावसान झाले.

पुढील वर्षी जून महिन्यात ग्रीनवुड दफनभूमीत त्यांच्या समाधीवर स्मारकशिला उभारण्यात आली. त्या समारंभास रॉय अकफ व बिल मन्रो हे त्यांचे जुने सहकारी जातीने हजर होते. १९९१ साली मॉर्टन यांनी चार्ल्स वुल्फ या अभ्यासकाच्या साहाय्याने त्यांचे साधार चरित्र प्रसिद्ध केले आणि जुन्या ठपक्यास पुराव्यानिशी उत्तर मिळाले. अखेर २००५ साली कंट्री संगीताच्या 'हॉल ऑफ फेम' ह्या सन्मानमंदिरात त्यांचे नाव समाविष्ट झाले. हा मान मिळण्यास त्यांच्या मृत्यूनंतर तेवीस वर्षे लागली.

ह्या चरित्रापासून घेण्यासारखा बोध दुहेरी आहे. विद्यार्थिमित्रांनी एवढे ध्यानात धरावे की, अंथरुणास खिळलेल्या तीन वर्षांच्या बालकाजवळही कान व श्वास एवढे भांडवल शिल्लक होते, आणि त्याने ते वाया जाऊ दिले नाही. गेलेल्या वस्तूचा शोक करण्यापेक्षा उरलेल्या वस्तूची जोपासना करणे श्रेयस्कर होय. आणि आम्हां वडील मंडळींनी एवढे ध्यानात धरावे की, बेली यांच्यावर अन्याय करणारे लोक दुष्ट नव्हते. त्यांपैकी कित्येकांनी त्यांच्यावर खरोखर प्रेम केले. परंतु प्रेम करूनही त्यांनी त्यांस आपल्या पंक्तीस बसविले नाही, आणि दोष देण्याची वेळ आली तेव्हा सर्वांत दुबळ्या माणसाच्या माथी तो मारून ते मोकळे झाले. दुसऱ्याच्या गुणाचे कौतुक करणे सोपे आहे. त्यास बरोबरीचा मान देणे कठीण आहे. जो समाज पहिल्यावरच संतुष्ट राहतो, त्यास आपली चूक उमजण्यास किती वर्षे लागतात, हे डीफर्ड बेली यांच्या चरित्रातील सनावळी पाहिली असता सहज कळून येते.